टेंबेबाईंची पद्मश्री

टेंबेबाई उभ्यानं जेवायच्या. दुपारची सुट्टी झाली की आम्ही बायका शेडमध्ये गोल करून बसायचो, डबे उघडायचो, आणि बाई खिडकीशी उभ्या राहून पोळीची सुरळी खायच्या. भाजी सुरळीच्या आतच. हाताला तेल लागू नये म्हणून खालून कागद धरलेला. मुमताज एकदा म्हणाली, "बाई, बसा की वाईच. पोळी काय पळून चाललीय व्हय?"

"बसलं की उठायला कारण लागतं," बाई म्हणाल्या आणि बाहेर बघत घास चावत राहिल्या.

चिंचवडला रेल्वेलाइनच्या पलीकडे पत्र्याची एक लांबोडकी शेड होती. आधी तिथं कुणाची तरी लाकडाची वखार होती. टेंबेबाईंचे यजमान इंजिनियर. ते अकाली गेले. त्यांच्या मागं बाईंनी ती शेड भाड्यानं घेतली आणि आसपासच्या बायकांना विजेच्या मोटारींच्या कॉइली गुंडाळायला शिकवलं. केसासारखी तांब्याची तार, हातानं फिरवायचं यंत्र, आणि कागदावर जेवढे वेढे लिहिलेत तेवढेच वेढे. पिंपरी-आकुर्डीकडे तेव्हा एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि सगळ्यांना कॉइली लागत होत्या. मी गेले तेव्हा आम्ही अकरा जणी होतो. पुढं तीस झालो.

मी उदगीरच्या पुढच्या एका खेड्यातली. शाळा चौथीत सुटली. लग्न झालं आणि इतक्या लांब पिंपरीला आले. आमचे हे, ज्ञानोबा, फौंड्रीत कामाला होते. एकदा ओतताना लोखंडाचा रस पायावर उडाला, दोन बोटं गेली, आणि सहा महिने घरी बसायची पाळी आली. टेंबेबाई बायकांना काम देतात हे यांनीच कुठून तरी ऐकून आणलं. यांनीच मला सायकलीवर मागं बसवलं आणि तसल्या पायानं पायडल मारत शेडपाशी आणून सोडलं. मी दारातच अडले. आत सगळ्या शहाण्या दिसत होत्या.

"जा की," हे म्हणाले. "खाती का काय ती?"

बाईंनी नाव विचारलं. मी म्हटलं, रुक्मिण.

"पूर्ण सांगा."

"रुक्मिण ज्ञानोबा."

"आडनाव नाही का तुम्हाला?"

"सूर्यवंशी."

"मग ते मागं का ठेवता?" त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. "ते उभे आहेत ते ज्ञानोबा? पायाला काय झालंय?" मी सांगितलं. बाईंनी एकीला हाक मारली, "त्यांना पाणी नेऊन द्या. आणि म्हणावं बसा, यांची परीक्षा अर्धा तास चालणार आहे."

परीक्षा म्हणजे गुंता झालेल्या तारेची गुंडाळी माझ्या मांडीवर टाकली आणि सांगितलं, सोडवा. न तोडता. मी घाबरलेली होते, पण शेतातल्या दोऱ्या सोडवलेल्या होत्या. अर्ध्या तासाआधीच सुटली. बाईंनी तार बोटातून फिरवून बघितली आणि म्हणाल्या, "उद्या आठला."

आम्हाला अहो-जाहो करणारी ती पहिली बाई. माझ्या सासूनं, आईनं, दुकानदारानं, नर्सबाईनं, कुणीच तोवर मला अहो म्हटलं नव्हतं. रोज सकाळी हजेरी घेताना त्या पूर्ण नाव घेत. "रुक्मिणी ज्ञानोबा सूर्यवंशी." "मुमताज दस्तगीर शेख." नवऱ्याचं नाव असं मोठ्यानं घेतलेलं ऐकून पहिले काही दिवस आम्ही पदरात तोंड घालून हसायचो. मुमताज म्हणायची, "आमच्यात नवऱ्याचं नाव न्हाई घेत, बाई. तुमी घेता ते ऐकून बरं वाटतं. वाटतं, आहे बाबा कुणीतरी."

संक्रांतीला पहिल्यांदा मी बाईंच्या पाया पडायला वाकले, तर त्या दोन पावलं मागं सरकल्या. "पाय माझे आहेत," म्हणाल्या. "दुखतात ते मला माहीत आहे. तुम्हाला त्यात काय दिसतं?" तिळगूळ मात्र घेतला, आणि उभ्याउभ्याच खाल्ला.

मी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणजे अक्षरं ओळखायची पण वाक्य धरता यायचं नाही. बाईंनी मला कामाच्या कार्डावर वाचायला शिकवलं. दर ऑर्डरीचं एक कार्ड असे. तारेची जाडी, वेढे, थर, मध्ये कागद किती. ते आधी वाचायचं, मग बाईंना तोंडी सांगायचं, आणि मगच खाली सही करायची. बाई कार्ड उलटं धरून विचारायच्या, "सांगा, काय लिहिलंय?" सांगता आलं नाही तर यंत्राला हात लावायचा नाही. त्यांचं एकच म्हणणं: "सही म्हणजे तुम्ही. कागदावर तुम्ही बसलेल्या आहात. कुठे बसलोय ते बघून बसावं माणसानं."

एकदा माझी चूक झाली. माझ्या तान्ह्या पोरीला ताप होता, डोकं घरी होतं. बाई पुण्याला गेलेल्या. मी कार्ड न वाचताच सही केली आणि आधीच्या ऑर्डरीच्याच हिशेबानं वेढे घातले. चाळीस कॉइली झाल्यावर बाई आल्या, एक उचलून हातात तोलली, आणि वजनावरूनच त्यांना कळलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "सोडवा."

"सगळ्या?"

"सगळ्या. हातानं."

ती तार परत वापरता येत नाही. तिचं वरचं पातळ आवरण खरवडतं, ती भंगारातच जाते. मुमताज हळूच म्हणाली, "बाई, भंगारवाला गुंडाळीसकट घेतोय की. कशाला तिचा जीव काढता?"

"भंगारवाल्यासाठी नाही सोडवत आहोत," बाई म्हणाल्या. स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसल्या, आणि एक कॉइल स्वतःच्या मांडीवर घेतली. तीन दिवस आम्ही दोघी समोरासमोर बसून चाळीस कॉइली सोडवल्या.  शेवटची सुटल्यावर म्हणाल्या, "पोरीचा ताप उतरला का?" त्यानंतर मी रेशनच्या फॉर्मपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत एकाही कागदावर न वाचता सही केली नाही. एक सोडून.

खोटेपणाची बाईंना शिसारी होती. एका कारखान्याच्या साहेबांनी आमचा माल तपासून पास केला, शिक्का मारला, गाडीत भरला. बाई गाडीपाशी उभ्या होत्या. काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ड्रायव्हरला थांबवलं, एक खोकं उतरवलं, आणि म्हणाल्या, "यातलं वार्निश नीट सुकलेलं नाही. हे मी देणार नाही." साहेब हसले. "अहो, मी पास केलंय."

"तुम्ही केलंय. मी नाही."

त्या दिवशी घरी जाताना मी यांना सगळं सांगितलं, तर हे म्हणाले, "अशी बाई आपल्या फौंड्रीत पाहिजे होती. माझी बोटं ऱ्हायली असती."

मग शेडच्या जागेचं निघालं. मालकाला जागा विकायची होती, आम्हाला उठायची नोटीस आली. बाई वर्षभर चकरा मारत होत्या. औद्योगिक वसाहतीत प्लॉट मिळावा म्हणून अर्ज, पुन्हा अर्ज. टेंबेबाई नावाच्या बाईला कोण ओळखतंय? त्याच सुमाराला कुठल्या तरी मोठ्या माणसानं त्यांचं नाव पद्मश्रीसाठी सुचवलं, आणि सरकारी ऑफिसातून माहिती मागवली गेली. दातेकाका म्हणून एक निवृत्त हेडक्लार्क होते, ते बाईंची पत्रं टाइप करायचे. ते दोन दिवस शेडमध्ये बसून फाइल तयार करत होते. मला आठवतंय, ते बाईंना म्हणत होते, "कॉइल, वेढे, हे दिल्लीला काय कळणार? एखादी बाई उभी करा. जिचं कुणी नव्हतं आणि आता झालं."

दुपारी बाईंनी मला टेबलाशी बोलावलं. मराठीत टाइप केलेली दोन पानं. "रुक्मिणीबाई, इथं सही करा. तुमच्या कामाबद्दल लिहिलंय. दातेकाकांना साडेतीनची गाडी गाठायची आहे."

मला वाचता येत होतं. मी पहिली ओळ वाचायला घेतलीही. पण बाई समोर उभ्या होत्या, त्यांचं बोट सहीच्या जागेवर होतं, आणि मला एकदम लाज वाटली. बाईंनी दिलेला कागद बाईंच्या समोर वाचायचा? म्हणजे माझा भरवसा नाही असं झालं. मी सही केली. त्यांनी "सांगा, काय लिहिलंय" असं विचारलं नाही. तेव्हा मला ते जाणवलंसुद्धा नाही.

मोठ्या दुष्काळानंतरच्या दुसऱ्या जानेवारीत रेडिओवर नाव आलं. आम्ही पेढे वाटले. मुमताजनं शेडच्या दाराला झेंडूची माळ बांधली. बाई म्हणाल्या, "माळ दुपारच्या सुट्टीत बांधायची होती," पण काढायला लावली नाही. मला इतका आनंद झाला होता की घरी जाऊन मी पुरण घातलं.

चार दिवसांनी पेपरात बाईंवर मोठा लेख आला. मध्ये माझा फोटो. हे तोवर परत फौंड्रीत जाऊ लागले होते, तिथं चहाच्या वेळी एकानं मोठ्यानं वाचून दाखवला. "नवऱ्यानं टाकून दिलेली, तान्ह्या मुलीला घेऊन रस्त्यावर भटकणारी रुक्मिणी सूर्यवंशी टेंबेबाईंना सापडली..." खाली लिहिलं होतं, तिनंच सहीनिशी सांगितलेली हकिगत.

त्यावर कुणी तरी म्हणालं, "अरे ज्ञानोबा, तू टाकलीस तिला? मग रोज डबा कुणाचा आणतोस राव?"

"दुसरी केली असंल भाऊनं. सांगत न्हाई आपल्याला."

सगळे हसले. वाईट मनानं नाही हसले, पण हसले. हे संध्याकाळी घरी आले, पेपर माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "वाच." मी वाचलं. हे म्हणाले, "तू सांगितलंस असं?"

"न्हाई."

"सही हाय म्हणं तुझी."

मी म्हटलं, "हाय."

हे उठले. पोरीला घेऊन अंगणात जाऊन बसले. पेपर गावापर्यंत गेला. पंधरा दिवसांनी सासूबाईंनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं: तू बायको टाकून कुठं राहतोस ते कळव, नात आमच्याकडे पाठव. हे ते कार्ड घेऊन किती तरी वेळ चुलीपुढं बसले होते. आई कसं खरं मानते, एवढंच म्हणाले.

मी बाईंकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी उभ्यानं, समोर बघून बोलले. म्हटलं, "बाई, तुम्ही त्यांना बघितलंय. तुम्ही पाणी पाठवलं होतं त्यांना."

बाईंनी चष्मा काढला. पदरानं पुसला. "दात्यांनी लिहिलं. मी वाचलं होतं. खोटं सांगत नाही." मग म्हणाल्या, "कामाचं कार्ड वेगळं, रुक्मिणीबाई, दिल्लीचं कार्ड वेगळं. त्यांनी जे मागितलं ते दिलं. चूक झाली. सत्कार आहे ना माझा चिंचवडगावात, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर सांगते. यजमानांना घेऊन या. पुढच्या रांगेत बसवा."

मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं नाही, कारण त्यांना आवडत नाही.

यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पांढरा शर्ट इस्त्री करून आणला. फौंड्रीतल्या दोघांना मुद्दाम सांगितलं, "या बरं का. बाई काय सांगतात ते ऐका." शाळेच्या मैदानावर मांडव होता. आम्ही दोघं पुढच्या रांगेत, मुमताज आमच्यामागं. बाई नेहमीच्याच सुती लुगड्यात, नेहमीच्याच चपलांत. हार घातले ते लगेच काढून टेबलावर ठेवले. बोलायला उभ्या राहिल्या, तारेबद्दल बोलल्या, यजमानांबद्दल बोलल्या, आणि मग त्यांची नजर आमच्यावर आली. यांच्यावर थांबली. मला वाटलं, आता.

"रुक्मिणी, ये वर," बाई म्हणाल्या.

मी गेले. बाईंनी माझा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता. "ही आमची रुक्मिणी," त्या माइकवर म्हणाल्या. "ही आली तेव्हा हिच्या कपाळावर कुंकू होतं, पण कुंकवाचा धनी हिला सोडून निघून गेला होता. कडेवर तान्हं मूल होतं..."

लोक टाळ्या वाजवत होते. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळे टिपले. मी वरून बघत होते. हे उठले, शर्ट खाली ओढून नीट केला, आणि चार रांगा मागं जाऊन एका रिकाम्या खुर्चीवर बसले. लोकांनी हाच तो, असं म्हणू नये म्हणून. तिथं बसून तेही टाळ्या वाजवू लागले.

त्याच व्यासपीठावर सरकारकडून आलेल्या पाहुण्यांनी जाहीर केलं की टेंबेबाईंच्या संस्थेला प्लॉट मंजूर झाला आहे.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं. मुमताजही आली होती, कंबरेवर हात ठेवून. बाई कार्डं लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाहुणे शेजारी बसले होते. प्लॉटचा कागद त्यांच्या खिशात होता. तिथं मी म्हणू, माझ्या फाइलीत खोटं आहे?" मग वर बघितलं. "तुमचा नवरा तुमच्या घरात आहे, रुक्मिणीबाई. तो कुठं गेला नाही. या तीस जणींना छप्पर नव्हतं."

मुमताज म्हणाली, "बाई, तुमी एक खोकं गाडीतनं उतरवलं व्हतं." बाई पुन्हा कार्डं लावू लागल्या. मला मात्र त्या तीस जणींच्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही. अजून येत नाही.

मी काम सोडलं नाही. सोडून कुठं जाणार होते? पक्की शेड झाली, पंखे लागले, पंचेचाळीस जणी झालो. मी तिथं आणखी चार वर्षं होते. बाई तशाच होत्या, उभ्यानं जेवायच्या, कार्ड उलटं धरून विचारायच्या. पाहुणे आले की मला बोलावलं जायचं. मी जाऊन उभी राहायचे, बाई सांगायच्या, पाहुणे माझ्याकडे बघायचे. प्रत्येक वेळी गोष्टीत काही तरी वाढायचं. कधी पाऊस असायचा, कधी मी दोन दिवसांची उपाशी असायचे. यांनी फौंड्रीत त्या टोळक्यात चहा प्यायचं बंद केलं होतं. मला कधी बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "तुला शिकवलं तिनं. ते खरं हाय." पुढं भोसरीला दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये जागा निघाली तेव्हा मी गेले. बाईंनी दाखला स्वतःच्या हातानं लिहून दिला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

शेवटचं बघितलं ते त्यानंतर तीनेक वर्षांनी. बाईंना अर्धांगाचा हलका झटका आल्याचं मुमताजनं कळवलं. मी जावं का न जावं करत होते. हेच म्हणाले, "चल, जाऊन येऊ. आजारी माणूस हाय."

चिंचवडगावातलं त्यांचं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर पद्मश्रीची सनद, शेजारी यजमानांचा फोटो. बाई कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या, भाची देखभालीला होती. डोकं अगदी साफ होतं. पहिली ऑर्डर कुठल्या मापाच्या तारेची होती ते त्यांनी मला सांगितलं, मुमताजच्या धाकट्याचं नाव घेतलं, आम्ही सोडवलेल्या चाळीस कॉइली त्यांना आठवत होत्या. हसल्यासुद्धा. मग भाचीला म्हणाल्या, "हीच ती रुक्मिणी. मी सांगते ना तुला." त्यांचे डोळे भरून आले. नाटक नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलेलं नव्हतं. चांगला हात त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि विचारलं,

"आला का गं तो कधी परत?"

हे दाराशी उभे होते, टोपी हातात धरून. मी तोंड उघडलं. बाई माझ्याकडे बघत होत्या, खरोखरच काळजीनं. 

"न्हाई आला, बाई," हे म्हणाले. "मी शेजारी हाय. सोबतीला आलो."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या. "एकट्या बाईला शेजार चांगला लागतो." त्यांनी भाचीला आधी यांना चहा द्यायला सांगितलं, बसायला खुर्ची द्यायला सांगितली. हे बसले. बशीत ओतून, फुंकर घालून सगळा चहा प्याले. बाई उशीला टेकून त्यांच्याकडे बघत होत्या, अगदी मायेनं, एखाद्या भल्या परक्या माणसाकडे बघावं तशा.